पट्टी शेवटच्या अक्षरापर्यंत

४ जून

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार घालायला माझ्या खोलीत जागा नाही. पलंग आणि टेबल यांच्यामध्ये मी एकटीच कशीबशी मावते. तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या इमारतीला आपल्या घरातलं ऐकवायचं. छापखान्यातल्या यंत्रांनी तुझे कान खाल्ले, त्याची शिक्षा माझ्या शेजाऱ्यांना कशाला?

तर बातमी अशी की तुझी भाची लेखिका झाली. नेटवर एक मुक्त ज्ञानकोश आहे. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, लिहिणाऱ्याचं नाव लेखावर येत नाही. माझ्या वर्गातली मुलं सगळं तिथेच शोधतात. आपल्या भाषेत 'वर्गसमीकरण' शोधलं तर अडीच ओळी. त्यातली अर्धी कुणीतरी मध्येच सोडून जेवायला गेल्यासारखी. मला राहवेना. सुट्टीत बसून सहा पानं लिहिली, सूत्रांसकट. छापून सोबत पाठवतेय.

आता दुःखाची गोष्ट. तिथे 'तळटीप' नावाचा एक सदस्य आहे. खरं नाव कुणाचंच कळत नाही, सगळी टोपणनावं. हा माणूस माझ्या मागे हात धुऊन लागलाय. मी वजा चिन्हाऐवजी छोटी जोडरेघ टाकली होती, तर पठ्ठ्यानं अकराच्या अकरा बदलल्या. प्रत्येक सूत्राच्या शेवटी पूर्णविराम नाहीतर स्वल्पविराम ठोकला. मी तीन ठिकाणी 'हे उघडच आहे' लिहिलं होतं, तिन्ही काढून शेरा मारला, "ज्याला उघड असेल तो हा लेख वाचायला येणार नाही." लेखाची सुरुवात मी दणक्यात सूत्रानं केली होती. ती खाली ढकलली आणि वर दोन साधी वाक्यं घातली, का तर म्हणे पहिला परिच्छेद आजीलाही समजला पाहिजे.

कुणीतरी कालचं कार्टं असणार. पदवी ताजी, शिंगं नवीन. मीही लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे जिथे सदस्य एकमेकांशी बोलतात तिथे, चार शब्द सुनावले. उत्तर आलं, "आभारी आहे. आकृतीतला अक्ष सरळ करावा."

सांग, काय करू याचं?

तुझी,
चिंगी

११ जून

चिंगे,

नमस्कार पोचला. आशीर्वाद मी बसूनच देतोय, गुडघे दुखतात.

तुझी पानं आल्यावर लाल पेन घेऊन बसलो. तुझी आई म्हणाली, "दादा, निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, आता तरी पेन खाली ठेव." जित्याची खोड, काय करणार! सतरा खुणा केल्या. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, तर त्यातल्या चौदा तुझ्या तळटीपनं आधीच काढलेल्या. म्हणजे ज्याला तू कार्टं म्हणतेस त्याच्यात आणि माझ्यात तीन चुकांचं अंतर. माझ्याबद्दल काय मत आहे ते एकदा सांगून टाक.

पोरी, तो बरोबर आहे. सूत्र म्हणजे वाक्यात येऊन बसलेला पाहुणा नव्हे, ते वाक्यच असतं. मग त्याच्या शेवटी पूर्णविराम नको? एक्ससारखं चल अक्षर तिरपं, आकडा सरळ, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवायचे. मी जुळारी. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ लावायची. साध्या गोष्टीच्या पुस्तकाचं पान दोन तासांत व्हायचं, गणिताच्या अर्ध्या पानाला दिवस जायचा. एका सूत्रासाठी चार वेगळ्या पेट्यांत हात घालायचा. तिरपी अक्षरं एकीत, सरळ आकडे दुसरीत, वरचा छोटा दोन तिसरीत, आणि वर्गमुळाच्या डोक्यावरची आडवी पट्टी हाताने कापून बसवायची. ओळ हातात धरली की वजन कळायचं. गणिताची ओळ जड असते.

तू नुसत्या बटणांनी ते सगळं करतेस, आणि कुणी बिनपगारी माणूस ते डोळ्यांत तेल घालून तपासतो. मला तर तोंडात बोट घालायची वेळ आली. भांडू नकोस त्याच्याशी. असा माणूस नशिबाने मिळतो.

उरलेल्या तीन खुणा सोबत पाठवल्यात. अक्ष सरळ कर.

मामा

२ जुलै

प्रिय मामा,

मी कान पकडले. दोन्ही.

तीन आठवडे मी तळटीपचं काम बघतेय. तिथे प्रत्येक लेखाला 'इतिहास' म्हणून एक पान असतं. कुणी, कधी, कुठला स्वल्पविराम हलवला, सगळं तिथे राहतं. सदस्यांचंही असं पान असतं, मी तळटीपचं उघडलं. सहा वर्षं, रोज. नऊ हजारांच्या वर दुरुस्त्या, आणि जवळपास सगळ्या दुसऱ्यांनी लिहिलेल्या गणिताच्या लेखांत. स्वतःचा म्हणावा असा एक लेख नाही. लोकांच्या घरात जाऊन केर काढायचा आणि दार हळूच ओढून निघून यायचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हसू नकोस.

आता माझा पराक्रम ऐक. तिथे सूत्र लिहायचं तर खुणेच्या भाषेत लिहावं लागतं. वर्गमुळाचा आदेश द्यायचा आणि चिन्हाखाली जे जे यायचं ते महिरपी कंसात घालायचं. कंस मिटला की वरची पट्टी संपली. परवा मुख्य सूत्र पुन्हा लिहिताना मी कंस लवकर मिटवला. 'बी वर्ग' आत राहिलं आणि 'वजा चार एसी' बाहेर पडलं. माझ्या लक्षात नाही! वर्गातल्या एका मुलीनं तेच वहीत उतरवलं. उत्तर यायला हवं होतं दोन आणि तीन, तिला आलं उणे बारा आणि उणे सात. वर मलाच म्हणते, "बाई, ज्ञानकोशात तसंच आहे." मी घाईघाईनं लेख उघडला, तर सूत्र आधीच दुरुस्त. तळटीप मी चूक केल्यापासून वीस मिनिटांत येऊन गेला होता. मुलीनं नेमकं त्या वीस मिनिटांत उतरवलं, तिचं नशीब.

त्यानं शेरा काय लिहिला होता, ऐक. "पट्टी शेवटच्या अक्षरापर्यंत न्यावी. एकालाही बाहेर ठेवू नये."

मामा, किती सुंदर! मी ते कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलंय. तुला नक्की आवडेल म्हणून मुद्दाम कळवतेय.

तुझी सुधारलेली,
चिंगी

२९ जुलै

प्रिय मामा,

चार आठवडे झाले, पत्र नाही. तू उशीर करणाऱ्यांतला नाहीस. आईला फोन केला तर म्हणाली, जेवतो, झोपतो, पण बोलत नाही. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढून ठेवलीय आणि तिच्याकडे बघत बसतो. डॉक्टरकडे चल म्हटलं तर ओरडतो.

माझं काही चुकलं का? मी त्या तळटीपचं फार कौतुक केलं म्हणून वाईट वाटलं का तुला? वेड्या, मला गणित कुणी शिकवलं? तूच ना? मला अजून आठवतं, तू कामावरून आलास की जुनी शाळेची पुस्तकं घेऊन बसायचास, पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि मी तुझ्या मांडीवर बसून आकडे मोजायचे. त्या तळटीपसारखे छप्पन्न आले तरी तुझी जागा तुझीच.

दोन ओळी तरी लिही. माझा जीव टांगणीला लागलाय.

चिंगी

६ ऑगस्ट

चिंगे,

तुझं काही चुकलेलं नाही. चुकलं ते माझं, आणि त्याला तीस वर्षं झाली.

'पट्टी शेवटच्या अक्षरापर्यंत न्यावी. एकालाही बाहेर ठेवू नये.' हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलंय. प्रुफाच्या समासात, बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. आमच्या छापखान्यात एक मुद्रितशोधक होते. पहिल्या प्रुफावर जिथे म्हणून वर्गमूळ असेल तिथे ते हे लिहायचेच, चूक असो वा नसो. आम्ही त्यांना हसायचो. मला तर त्या काळी गणित शून्य. वाटायचं, पट्टी म्हणजे काय, नक्षी! जरा आखूड झाली तर काय आभाळ कोसळतं?

शाळेचं बीजगणिताचं पुस्तक आमच्याकडे छापायला होतं. तुझं तेच वर्गसमीकरणाचं पान. त्यांनी दुसरं प्रूफ तपासलं, पट्टी बरोबर होती, खाली 'छापण्यास हरकत नाही' लिहून सही केली. सही झाली की पानाला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पण पुढच्या पानावर एक मोठा अपूर्णांक होता आणि तेवढ्या लांबीची पितळी पट्टी एकच. मी सही झालेल्या पानातली पट्टी काढून तिकडे लावली. इकडे शिशाचा आखूड तुकडा बसवला. म्हटलं, कोण बघतंय!

हजारो प्रती गेल्या. मुलांची उत्तरं चुकली. मालक लालबुंद. पान पास कुणी केलं? सही कुणाची? मुद्रितशोधक म्हणाले, "मी पास केलं तेव्हा बरोबर होतं, प्रूफ काढा." प्रूफ सापडलं नाही. सापडेल कसं? मी ते आदल्या दिवशीच शर्टाच्या आत घालून घरी आणलं होतं. ते अजून आहे. त्या ट्रंकेत.

त्यांना काढून टाकलं. ते माझ्या टेबलासमोरून गेले. मी मान वर केली नाही.

सबब सांगत नाही, पण त्या साली तुझे बाबा गेले होते. तुझी आई आठ महिन्यांच्या तुला घेऊन माझ्या दारात आली होती. माझी नोकरी गेली असती तर, असा विचार केला. तो विचार खरा होता, पण त्यामागे भित्रेपणाही होता, आणि किती कुठला ते मला आजवर वेगळं करता आलेलं नाही.

त्यानंतर मी गणित शिकलो. पट्टी नक्षी नव्हती, हे मला नीट कळून घ्यायचं होतं. तू माझ्या मांडीवर आकडे मोजायचीस ते त्यामुळे. माझं कौतुक करतेस ना, ते कौतुक असं उगवलंय.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. ते मुद्रितशोधक आता ऐंशीच्या घरात असतील. तो तळटीप तेच आहेत का?

मामा

१४ ऑगस्ट

प्रिय मामा,

पत्र वाचून मला राग आला. खोटं कशाला बोलू? दोन दिवस तुझ्या नावानं कुढत होते. ज्या माणसानं मला 'उत्तर चुकलं तर खोड, पण खोडलेलं दिसू दे' असं शिकवलं, त्यानं स्वतःचं खोडलेलं तीस वर्षं ट्रंकेत ठेवलं!

तिसऱ्या दिवशी वाटलं, दुसरा कुणी असता तर ते प्रूफ फाडून मोकळा झाला असता. तू जपलंस. आणि आता मला, जिच्यासमोर तुझी मान सगळ्यांत ताठ असते तिला, आपण होऊन सांगितलंस. मामा, राग गेला. सगळा नाही, पण जो उरलाय तो खिशात मावेल एवढाच.

तळटीप कोण हे मला विचारता येणार नाही. तिथे कुणाला 'तुम्ही खरे कोण' म्हणून खोदत नाहीत, आणि ते मला पटतं. ते नसूही शकतील. एखाद्या विद्यार्थ्यानं त्यांच्याकडून ते वाक्य उचललं असेल. पण प्रत्येक सदस्याचं एक चर्चापान असतं. तिथे कुणीही निरोप लिहू शकतं. सगळ्या जगाला दिसतो, आणि पुसला तरी इतिहासात राहतो. म्हणून विचार करून सांग. तू लिहून पाठव, मी टाकते.

सूत्र लिहायचंच असलं तर कसं, ते मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. महिरपी कंस शेवटच्या अक्षरानंतर मिटव. माझ्यासारखं करू नकोस.

चिंगी

१ सप्टेंबर

चिंगे,

कबुली दुसऱ्याच्या हातानं देत नाहीत. मी स्वतः टाकली.

आपल्या चौकातल्या वाचनालयात एक कॉम्प्युटर आहे. तिथल्या ग्रंथपाल बाई भल्या आहेत. मला म्हणाल्या, "आजोबा, मी टाइप करून देऊ?" म्हटलं, "बाई, मी न बघता मिनिटाला चाळीस खिळे उचलायचो." मग 'प' कुठे आहे हे शोधायला मला पाच मिनिटं लागली. हात दाखवून अवलक्षण! तीन दिवस रोज दुपारी बसलो. सदस्यनाव घेतलं 'जुळारी'. जे लिहिलं ते खाली उतरवून पाठवतो.

"तळटीप यांस. तुम्ही ते नसाल तर एका म्हाताऱ्याची बडबड समजून सोडून द्या. असाल तर वाचा. बीजगणिताच्या पुस्तकातली पट्टी तुमच्या सहीनंतर मी बदलली. प्रूफ मी लपवलं. तुमची चूक नव्हती. प्रूफ माझ्याकडे आहे, तुमच्या सहीसकट. तुम्ही सध्या जिचा वर्गसमीकरणाचा लेख तपासता ती माझी भाची. तिला हे सांगितलं आहे. सूत्र असं हवं होतं." आणि खाली सूत्र.

बटण दाबलं तेव्हा पाचावर धारण बसली होती. ते नसले तर एका अनोळखी माणसापुढे खरं बोललो, एवढंच होईल. त्यातही काही वाईट नाही.

आज दहावा दिवस. रोज वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसतो. उत्तर नाही. तुला काही दिसतं का?

मामा

४ सप्टेंबर

मामा,

तेवढंच कळवायला लिहितेय. उत्तर नाही, आणि तू लिहिलंस त्या दिवसापासून तळटीपनं ज्ञानकोशात एकही दुरुस्ती केलेली नाही. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. म्हणजे तेच आहेत. वाचलंय त्यांनी. मला भीती वाटतेय, पण तू लिहिलंस त्याचा मला अभिमान आहे. तब्येत सांभाळ. पायरीवर बसताना खाली काहीतरी घाल.

चिंगी

९ सप्टेंबर

मामा, माझ्या मामा,

हे पत्र उभ्यानेच वाचू नकोस. आधी खुर्चीत बस. आईलाही बोलाव.

काल शाळेतून आले, चप्पल पायातच होती, आणि पान उघडलं. उत्तर आलं होतं. सगळं छापून सोबत ठेवलंय, तरी माझ्या हातानं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

"जुळारी यांस. पट्टी बदलल्याचं मला छापलेलं पान पाहिलं त्याच दिवशी कळलं होतं. मी पास केलेली पट्टी पितळेची होती. छापलेली शिशाची, तिचा ठसा जाड येतो. तुमच्याशिवाय त्या पानाला कुणाचा हात लागत नव्हता. मालकांना सांगणार होतो. पण आदल्या आठवड्यात तुमची बहीण डबा घेऊन छापखान्यात आली होती, तिच्या कडेवर मूल होतं. मी एकटा जीव, कुठेही पोट भरलं असतं, आणि भरलं. पुढे एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळली. थोर वगैरे समजू नका. राग खूप आला होता. चार वर्षं तुमच्या गल्लीतून गेलो नाही. त्या मुलाकडे बघून गप्प बसलो ते खरं, पण ते मोठं होऊन वजा चिन्हाच्या जागी जोडरेघ टाकेल हे तेव्हा कळलं असतं, तर नक्की बोललो असतो. पंधरा दिवस लिहिता आलं नाही, क्षमस्व. तुम्ही ते प्रूफ जपलंत, हे वाचून हात थांबला होता. एकदा बघायला आवडेल."

मामा, मी हसले आणि त्याच क्षणी रडू फुटलं. ज्या माणसाला मी कालचं कार्टं म्हणाले, त्याचं काम माझ्यामुळे गेलं होतं. आणि तो तीस वर्षांनी माझ्याच लेखात येतो, आणि माझी प्रत्येक रेघ सरळ करतो! त्याला तर माहीतही नव्हतं मी कोण. ज्याला त्याला तो तेवढ्याच जिव्हाळ्यानं तपासत होता. अशा माणसाला नमस्कार करायला मी हा पलंग खोलीबाहेर काढीन.

रविवारी मी घरी येतेय. ट्रंकेतलं प्रूफ काढून ठेव. आपण तिघं जाऊन देऊ. पत्ता त्यांनी मला खासगी निरोपात पाठवलाय, तुझ्या वाचनालयापासून बसनं चाळीस मिनिटं.

आणि एक सांगायचं राहिलं. तू सूत्र लिहिताना कंस लवकर मिटवलास, मामा. इतकं बजावूनसुद्धा! तुझ्या कबुलीतसुद्धा 'वजा चार एसी' बाहेरच पडलं होतं. तिथे दुसऱ्याच्या निरोपातला मजकूर सुधारत नाहीत, तसा शिष्टाचार आहे, आणि तळटीपनं तो नऊ हजार दुरुस्त्यांत एकदाही मोडलेला नाही. काल मोडला. उत्तर लिहायच्या आधी त्यांनी तुझा कंस उचलून शेवटच्या अक्षराच्या पुढे नेऊन ठेवला. पंधरा दिवसांतली त्यांची ती पहिली दुरुस्ती. इतिहासात तिच्यासमोर शेरा आहे.

"पट्टी शेवटच्या अक्षरापर्यंत नेली. आता कुणी बाहेर नाही. छापण्यास हरकत नाही."

तुझी,
चिंगी